पाण्याच्या वाटेवर

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात बेडकाची अंडी फुटली आणि त्यातून रसायनशास्त्राचं नोबेल निघालं, ही गोष्ट विज्ञानाची आवड असणाऱ्या अनेकांनी ऐकलेली असते. पण त्या फुटलेल्या अंड्यांपासून निघालेली एक वाट थेट माणसाच्या पाठीच्या कण्यात शिरते. अचानक पाय उचलेनासे झालेल्या चाळिशीतल्या बाईला दहा वर्षांनी चालता येईल का, या प्रश्नाचं उत्तर त्या वाटेवर सापडतं. ही वाट शोधायला निघालेलं कुणीच नव्हतं, आणि म्हणूनच ती मला इतकी विलक्षण वाटते.

पीटर अ‍ॅग्रे हे रक्ताच्या आजारांचे डॉक्टर. रक्तगटांमधल्या आरएच प्रथिनाचा अभ्यास करताना त्यांच्या नमुन्यांत एक भलतंच प्रथिन पुन्हा पुन्हा येऊ लागलं. तांबड्या पेशींत ते मुबलक होतं, मूत्रपिंडातही होतं, पण त्याचं काम काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. जॉन पार्कर या त्यांच्या जुन्या मार्गदर्शकांनी सुचवलं की पेशीच्या पडद्यातून पाणी ये-जा करण्याचा जो मार्ग शास्त्रज्ञ कित्येक वर्षं शोधताहेत, तो हाच असू शकेल. अ‍ॅग्रे यांच्या गटाने झेनोपस जातीच्या आफ्रिकन बेडकाची अंडी घेतली. या अंड्यांतून पाणी फारसं आत-बाहेर जात नाही, म्हणून तर ती गोड्या पाण्यात टिकतात. त्यांत त्या प्रथिनाचा आरएनए टोचला, प्रथिन तयार व्हायला वेळ दिला आणि अंडी पातळ द्रावणात सोडली. न टोचलेली अंडी तशीच राहिली. टोचलेली काही मिनिटांत फुगली आणि फुटली. १९९२ साली हा प्रयोग 'सायन्स'मध्ये छापून आला, प्रथिनाला अ‍ॅक्वापोरिन हे नाव मिळालं आणि २००३ साली अ‍ॅग्रे यांना नोबेल.

अ‍ॅक्वापोरिनची नळी इतकी अरुंद असते की पंढरपूरच्या दर्शनबारीसारखी एकामागे एकच रेणू जाईल अशी ओळ लागते. तरीही एका नळीतून सेकंदाला सुमारे ३ अब्ज पाण्याचे रेणू पार होतात, आणि पाण्याखेरीज दुसरं काही आत शिरत नाही. पुढे या प्रथिनाची भावंडं सापडत गेली. त्यांतलं चौथं, अ‍ॅक्वापोरिन-४, मेंदूत आणि मज्जारज्जूत सर्वांत जास्त आढळलं. त्याचं नाव लक्षात ठेवून आता मज्जारज्जूकडे वळू.

प्रौढ माणसाचा मज्जारज्जू जेमतेम ४२ ते ४५ सेंटिमीटर लांब असतो. जाडी एक ते दीड सेंटिमीटर, वजन साधारण ३५ ग्रॅम. पाठीचा कणा माकडहाडापर्यंत जातो, पण मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. मानेखालच्या सगळ्या शरीराला मेंदूशी बोलायचं असेल तर या एवढ्याशा जागेतूनच बोलावं लागतं. पायाचा अंगठा हलव, मूत्राशय भरलंय, जमीन गार आहे, असे सगळे निरोप इथूनच जातात. मेंदूत एखादा लहानसा डाग पडला तर अनेकदा माणसाला कळतही नाही, इतकी तिथे मोकळी जागा आहे. मज्जारज्जूत तेवढाच डाग पडला तर दोन्ही पाय, मूत्राशय आणि आतडी एकाच वेळी गप्प होऊ शकतात.

या मज्जारज्जूला आपल्याच प्रतिकारशक्तीमुळे सूज येते, त्या अवस्थेला डॉक्टर ट्रान्सव्हर्स मायलायटिस म्हणतात. हा आजार दुर्मीळ आहे. कारण न सापडणाऱ्या प्रकाराचे दर दहा लाखांमागे वर्षाला एक ते आठ रुग्ण असा अंदाज दिला जातो. सुरुवात अनेकदा साधी असते. पायाला मुंग्या येतात, पाठ दुखते, छातीभोवती किंवा पोटाभोवती कुणी पट्टा आवळल्यासारखं वाटतं. हा पट्टा फार बोलका असतो, कारण मज्जारज्जू कोणत्या पातळीवर सुजला आहे ते त्याच्या उंचीवरून तपासणाऱ्या डॉक्टरला कळतं. मान पुढे वाकवली की पाठीतून खाली विजेचा झटका जातो असं काही जण सांगतात. त्याला लर्मिटचं चिन्ह म्हणतात. मग पाय जड होतात आणि लघवी अडकते. २००२ साली तज्ज्ञांच्या एका गटाने या आजाराचे निकष ठरवले, तेव्हा सुरुवातीपासून आजार शिगेला पोहोचेपर्यंतचा काळ त्यांनी ४ तास ते २१ दिवस असा धरला. याहून झटपट घडलं तर रक्तपुरवठा तुटल्याचा संशय घ्यायचा, आणि महिनोन्‌महिने रेंगाळलं तर दुसरं काही शोधायचं.

हे दुसरं काही शोधणं आपल्याकडे विशेष महत्त्वाचं आहे. मणक्याचा क्षय मज्जारज्जू दाबतो. ब १२ जीवनसत्त्व कमी पडलं तरी मज्जारज्जू झिजतो, आणि शाकाहारी घरांत ही कमतरता नवलाची नाही. या दोन्हींवर नेमका उपचार आहे. म्हणून एमआरआय आणि रक्ततपासणी आधी, आणि ऑटोइम्यून हा शब्द नंतर.

पूर्वी घरच्यांनी विचारलं, 'डॉक्टर, पुढे काय?' तर एक ठराविक उत्तर मिळायचं. एक तृतीयांश रुग्ण चांगले बरे होतात, एक तृतीयांशांत मध्यम दोष राहतो, उरलेल्या एक तृतीयांशांना मोठं अपंगत्व येतं. उत्तर खोटं नव्हतं. पण समोर खाटेवर झोपलेला माणूस या तिनांतल्या कुठल्या गटातला, ते त्यातून कळायचं नाही. शिवाय आणखी एक प्रश्न उरायचा, जो घरच्यांना सुचायचा नाही आणि डॉक्टरांनाही त्याचं उत्तर नसायचं: हे पुन्हा होणार का? माझ्या मते या आजाराचं सगळं भवितव्य त्या दुसऱ्या प्रश्नात दडलेलं आहे, आणि त्याचं उत्तर मिळायला शंभराहून अधिक वर्षं लागली.

१८९४ साली फ्रान्समधल्या ल्यों शहरात यूजेन दविक आणि त्यांचा विद्यार्थी फर्नांद गो यांनी असे रुग्ण एकत्र मांडले, ज्यांची दृष्टीही गेली होती आणि पायांतली ताकदही. डोळ्याचा मज्जातंतू आणि मज्जारज्जू या दोघांनाच धरणारा हा आजार त्यांना वेगळा वाटला. त्याला न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हे नाव मिळालं आणि दविक यांचंही नाव चिकटलं. पण पुढची शंभर वर्षं बहुतेक डॉक्टर त्याला मल्टिपल स्क्लेरोसिसचा, म्हणजे एमएसचा, एक उग्र प्रकार मानत राहिले. एमएसमध्येही डोळा आणि मज्जारज्जू सुजतात, त्यामुळे हा समज पटण्यासारखाच होता.

आशियातल्या डॉक्टरांना मात्र काहीतरी खटकत होतं. जपानमध्ये एमएसचे म्हणून जे रुग्ण येत, त्यांतल्या बऱ्याच जणांचा मेंदू जवळपास स्वच्छ असायचा आणि सगळा मारा डोळ्यांवर व मज्जारज्जूवर व्हायचा. भारतातही हेच दिसे. मुंबईच्या बॉम्बे हॉस्पिटलमधले डॉ. भीम सिंघल यांनी भारतातल्या एमएसवर दीर्घकाळ काम केलं, आणि इथल्या एमएसबद्दलच्या लेखनात हा डोळे-मज्जारज्जूचा प्रकार पुन्हा पुन्हा येतो. आशियाई एमएस, ऑप्टिकोस्पायनल एमएस अशी नावं त्याला दिली गेली. एका खंडातल्या माणसांत एकच आजार इतका वेगळा का वागतो, हे कोडं पुस्तकांत तसंच पडून राहिलं.

ते सुटलं अमेरिकेतल्या रोचेस्टर गावी, मेयो क्लिनिकमध्ये. व्हँडा लेनन या मूळच्या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ. त्यांच्या प्रयोगशाळेत मज्जासंस्थेच्या आजारांच्या रुग्णांचं रक्त येई, आणि त्यातले प्रतिपिंड कशाला चिकटतात ते उंदराच्या मेंदूच्या पातळ चकत्यांवर पाहिलं जाई. काही रुग्णांच्या रक्तातले प्रतिपिंड एका ठरावीक नक्षीत उमटत: बारीक रक्तवाहिन्यांच्या कडेने, मेंदूच्या पृष्ठभागाच्या कडेने. नक्षी एकच, आणि रुग्ण न्यूरोमायलायटिस ऑप्टिकाचे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्याच कामात जपानमधल्या ऑप्टिकोस्पायनल एमएसच्या रुग्णांचंही रक्त तपासलं होतं, आणि तिथेही तोच प्रतिपिंड सापडला. नेहमीच्या एमएसच्या रुग्णांत तो नव्हता. दविक यांचा आजार वेगळा होता, आणि जपानमधलं ते कोडं म्हणजे बहुतांशी तोच आजार होता.

प्रतिपिंड नेमका कशाला चिकटतो, हे पुढच्या वर्षी कळलं. ज्या उंदरांत अ‍ॅक्वापोरिन-४ मुळातच नव्हतं, त्यांच्या मेंदूवर तो चिकटेना. शरीर हल्ला करत होतं ते पाण्याच्या दारावर.

अ‍ॅक्वापोरिन-४ मज्जातंतूंवर नसतं आणि त्यांच्या मायलिनच्या वेष्टणावरही नसतं. ते असतं अ‍ॅस्ट्रोसाईट नावाच्या ताऱ्याच्या आकाराच्या पेशींवर. या पेशी मज्जातंतूंची देखभाल करतात, आणि त्यांचे फाटे रक्तवाहिन्यांना चहूबाजूंनी कवेत घेऊन बसतात. रक्तातून मेंदूत काय जायचं यावर तिथे पहारा असतो, आणि त्याच फाट्यांच्या टोकांवर अ‍ॅक्वापोरिन-४ दाटीने रचलेलं असतं. मेंदू आणि मज्जारज्जूतलं पाण्याचं संतुलन त्याच्याकडे असतं. २००५ नंतर रुग्णांच्या मज्जारज्जूच्या ऊतींची तपासणी झाली तेव्हा दिसलं की आधी अ‍ॅस्ट्रोसाईट मरतात, त्यांच्या पाठोपाठ मायलिन आणि मज्जातंतू. सगळे मज्जातंतूंचं वेष्टण जळण्याचा आजार म्हणत होते, तो निघाला राखणदार पेशींचा आजार.

या कहाणीत एक जुना धागाही आहे. १९७०च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अ‍ॅस्ट्रोसाईटचा पडदा पाहणाऱ्यांना बारीक कणांची काटकोनात मांडलेली, चौकोनी जाळ्यांसारखी रचना दिसली होती. ती कशाची, हे कुणाला सांगता येत नव्हतं. जवळपास पाव शतकानंतर कळलं की हे कण म्हणजे अ‍ॅक्वापोरिन-४ आहेत. आणि ही जाळीच घात करते. प्रतिपिंड एकेकट्या रेणूपेक्षा जाळीला अधिक घट्ट चिकटतात. शिवाय जाळीमुळे ते इतके जवळजवळ बसतात की रक्तातल्या कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रथिनांच्या साखळीचा पहिला दुवा त्या सगळ्यांना एकदम धरतो. साखळी सुरू झाली की शेवटी पेशीच्या पडद्याला भोकं पडतात. पाणी नेमकं, मोजून जाऊ देणाऱ्या दारांच्या शेजारीच ती भोकं पडतात आणि पेशी फुटते.

मग वाचकाच्या मनात शंका यायला हवी, आणि शास्त्रज्ञांच्याही आली. अ‍ॅक्वापोरिन-४ मूत्रपिंडात आहे, जठरात आहे, स्नायूंत आहे. मग या रुग्णांची मूत्रपिंडं निकामी का होत नाहीत? त्या अवयवांच्या पेशींवर अ‍ॅक्वापोरिनच्या शेजारीच कॉम्प्लिमेंटची साखळी तोडणारी रक्षक प्रथिनं असतात. अ‍ॅस्ट्रोसाईटच्या त्या फाट्यांवर ती जवळजवळ नसतात. एकच प्रतिपिंड रक्तातून सगळीकडे फिरतो, पण जिथे संरक्षण उघडं तिथेच मारतो. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी थबकले होते.

अशीच एक उघडी जागा मेंदूच्या तळाशी आहे. एरिया पोस्ट्रेमा नावाचा हा छोटासा भाग रक्तातलं विष ओळखून उलटी घडवण्यासाठी आहे. रक्ताची चव घ्यायची तर रक्त आणि मेंदू यांच्यातला अडसर तिथे ठेवून चालणार नाही, म्हणून तो तिथे नसतोच, आणि प्रतिपिंड सहज आत शिरतात. परिणामी काही रुग्णांना हात-पाय जाण्याआधी कित्येक दिवस, कधी आठवडे, न थांबणारी उचकी लागते आणि उलट्या होतात. ते पोटाच्या डॉक्टरकडे जातात, एंडोस्कोपी होते, पोटात काही सापडत नाही. पंधरा दिवस उचकी आणि मळमळ, पोट निर्दोष, आणि मग अचानक पायांना मुंग्या, अशी हकीकत ऐकली तर हा आजार आठवणारा डॉक्टर एका माणसाचं पुढचं आयुष्य बदलू शकतो.

त्या दुसऱ्या प्रश्नाचं, हे पुन्हा होणार का याचं, उत्तर इथे मिळतं. रक्तात हा प्रतिपिंड असेल तर होय, बहुधा होणार, आणि तेही लवकर. हा आजार बायकांना पुरुषांच्या अनेक पट जास्त होतो, काही पाहण्यांत नऊ बायकांमागे एक पुरुष. सुरुवात सरासरी चाळिशीच्या आसपास. एमआरआयमध्ये मज्जारज्जूची सूज तीन किंवा त्याहून अधिक मणक्यांएवढी लांब दिसते, आणि अनेकदा मधल्या करड्या भागातच. एमएसचे डाग सहसा आखूड आणि कडेला असतात. योग्य उपचार नसतानाच्या काळात काय होत असे, ते १९९९ साली मेयो क्लिनिकच्याच डॉक्टरांनी नोंदवलं. अटॅक पुन्हा पुन्हा येणाऱ्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांना पाच वर्षांत एका डोळ्याने तरी दिसेनासं झालं होतं किंवा आधाराशिवाय चालता येत नव्हतं. सूज मानेत वर चढली तर श्वासही बंद पडू शकतो, आणि मृत्यू बहुतेक त्यामुळेच होत.

हा निकाल ऐकायला भयंकर असला तरी त्याच्या पोटात एक फार मोठी संधी होती, आणि ती ओळखल्यावर सगळं बदललं. एमएसमध्ये बऱ्याच रुग्णांचं शरीर काही वर्षांनी अटॅक नसतानाही हळूहळू झिजत जातं. अ‍ॅक्वापोरिनच्या आजारात असं सहसा घडत नाही. दोन अटॅकच्या मधल्या काळात तो जवळजवळ स्थिर असतो, आणि अपंगत्व येतं ते एकेका अटॅकच्या पायरीने. अटॅक आलाच नाही, तर पायरीही उतरावी लागत नाही. चाळिशीत या आजाराने गाठलेली बाई साठीतही स्वतःच्या पायावर उभी राहू शकते, अट एवढीच की मधले अटॅक रोखले गेले पाहिजेत.

ते रोखण्याची औषधं आता आहेत. कॉम्प्लिमेंटची साखळी थेट तोडणाऱ्या एक्युलिझुमॅबच्या चाचणीचा निकाल २०१९ साली आला: औषध मिळालेल्या ९६ जणांपैकी ३ जणांना अटॅक आला, न मिळालेल्या ४७ पैकी २० जणांना. त्याच्याच लांब टिकणाऱ्या रूपाच्या, रॅव्ह्युलिझुमॅबच्या, चाचणीत ५८ रुग्णांपैकी एकालाही अटॅक आला नाही. मज्जासंस्थेच्या आजारांत असे आकडे मी क्वचितच पाहिले आहेत. ही औषधं घेताना मेनिंगोकोकस जंतूंचा धोका वाढतो, म्हणून लस आधी टोचावी लागते. सॅट्रालिझुमॅब आणि इनेबिलिझुमॅब वेगळ्या मार्गांनी काम करतात. ही सगळी औषधं फार महाग आहेत. आपल्याकडे बरेच रुग्ण रिटुक्सिमॅबवर असतात. प्रतिपिंड बनवणाऱ्या बी पेशींच्या वंशावर नेम धरणारं हे जुनं औषध इथल्या कंपन्याही बनवतात, त्यामुळे ते अनेकांच्या आवाक्यात येतं. जपानमधल्या एका लहान चाचणीत रिटुक्सिमॅब घेणाऱ्या १९ जणांत एकालाही अटॅक आला नाही, न घेणाऱ्या १९ पैकी ७ जणांना आला. अझाथायोप्रिन आणि मायकोफेनोलेटच्या गोळ्याही वर्षानुवर्षं दिल्या जातात.

निदान चुकलं तर काय, हेही सांगितलं पाहिजे. एमएसवर चालणारी काही औषधं, बीटा इंटरफेरॉन, नॅटालिझुमॅब, फिंगोलिमॉड, अ‍ॅक्वापोरिनच्या आजारात परिस्थिती बिघडवू शकतात. दोन आजार एकाच नावाखाली होते तेव्हा काही रुग्ण योग्य त्या काळजीने दिलेल्या औषधानेच अधिक आजारी पडले. म्हणून मज्जारज्जूत लांबलचक सूज दिसली की रक्तातली अ‍ॅक्वापोरिन-४ची चाचणी टाळण्यासारखी गोष्ट राहिलेली नाही. ती रक्तात करतात, मणक्यातलं पाणी त्यासाठी लागत नाही, आणि जिवंत पेशींवर केलेली चाचणी सर्वांत भरवशाची.

अटॅक आलाच तर घड्याळ महत्त्वाचं. शिरेतून रोज एक ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन, तीन ते पाच दिवस, हा पहिला उपाय. उपयोग झाला नाही, किंवा अटॅक उग्र असेल तर थांबायचं नाही: रक्तातला द्रव भाग काढून बदलायचा, ज्याला रुग्ण प्लाझ्मा बदलणं म्हणतात, साधारण पाच ते सात वेळा. फ्रेंच डॉक्टरांच्या एका मोठ्या पाहणीत प्लाझ्मा पहिल्याच दिवशी बदलला तर अटॅकमधून पूर्ण सावरण्याची शक्यता सुमारे ५० टक्के निघाली. विसाव्या दिवशी सुरू केल्यावर ती ५ टक्क्यांच्या खाली गेली. प्रतिपिंड बाहेर काढायला उशीर केला तर तोवर पेशी फुटून झालेल्या असतात.

मज्जारज्जूला सूज आणणारा दुसरा एक प्रतिपिंड आहे मॉग नावाच्या प्रथिनाविरुद्ध, जे मायलिनच्या अगदी बाहेरच्या थरावर असतं. त्याच्या रुग्णांचं चित्र निराळं. अटॅक भयानक दिसू शकतो, पण सावरणं बहुधा थक्क करणारं. मॉगच्या मज्जारज्जू-सुजेच्या एका मालिकेत अटॅक शिगेला असताना एक तृतीयांश रुग्ण व्हीलचेअरवर होते. नंतर चालायला आधार लागणारे ६ टक्केच उरले. अनेकांना दुसरा अटॅक कधीच येत नाही, त्यामुळे पहिल्याच अटॅकनंतर जन्मभराची औषधं सुरू करायची की वाट पाहायची, हा प्रश्न प्रत्येक रुग्णामागे नव्याने सोडवावा लागतो. मॉगचे रुग्ण चालू लागले तरी मूत्राशयाची तक्रार मात्र अनेकदा मागे राहते.

मागे काय राहतं याबद्दल उघडपणे बोलायला हवं, कारण दवाखान्यात ते बऱ्याचदा कुजबुजत सांगितलं जातं. लघवी पूर्ण होत नाही, मग दिवसातून काही वेळा स्वतःच कॅथेटर घालायला शिकावं लागतं. आठवड्याभरात हाताला सवय होते, आणि मूत्रपिंडांचं नुकसान टळतं. पाय ताठरतात. कधी एक हात किंवा पाय काही सेकंद आवळून येतो, विलक्षण दुखतो आणि सुटतो. हे झटके अपस्माराचे नसतात, तरी कार्बामेझेपिनच्या कमी मात्रेने बरेचदा थांबतात. जळजळीचं दुखणं, लैंगिक अडचणी, संध्याकाळी अंगावर कोसळणारा थकवा, सगळं या आजाराचाच भाग आहे, मनाचे खेळ नाहीत. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत अटॅकचा धोका वाढतो. मूल हवं असेल तर औषधांचं वेळापत्रक आधीच ठरवून घ्यावं लागतं, पण दार बंद झालेलं नसतं.

उन्हाळा वेगळीच परीक्षा घेतो. शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी मायलिन गेलेल्या तंतूंमधून निरोप अडखळतात. विल्हेल्म उह्थॉफ यांनी १८९० साली व्यायामानंतर अंधुक होणाऱ्या दृष्टीबद्दल हे नोंदवलं. एमआरआय नव्हतं तेव्हा रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का ते पाहायचे. मे महिन्यात पाय पुन्हा जड होऊ लागले की रुग्णाला वाटतं नवा अटॅक आला. थंडाव्यात विश्रांती घेतल्यावर काही तासांत उतरलं तर तो अटॅक नव्हता. दिवस उलटूनही राहिलं तर डॉक्टरांकडे जायचं.

सावरणं पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होतं, पण दोन वर्षांपर्यंत चालू राहू शकतं, आणि फिजिओथेरपीला इथे फार अर्थ आहे. १९११ साली थॉमस ग्रॅहॅम ब्राउन यांनी मांजरांवर दाखवलं की मेंदूपासून तुटलेला मज्जारज्जूसुद्धा पावलांची लय स्वतः निर्माण करू शकतो. डावा, उजवा, डावा, उजवा हे मेंदूला प्रत्येक वेळी सांगावं लागत नाही. ते ज्ञान मज्जारज्जूतच आहे. सुजेने वरून येणारे निरोप थोडे जरी वाचले असतील, तरी त्या खालच्या लयीला पुन्हा जागं करायला वाव असतो, आणि म्हणून फिजिओ महिनोन्‌महिने त्याच हालचाली पुन्हा करायला लावतात.

अ‍ॅक्वापोरिनशी शरीराचं वैर का सुरू होतं, याचा एक धागा आतड्यांत सापडला आहे. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या शास्त्रज्ञांना दिसलं की या रुग्णांच्या टी पेशी अ‍ॅक्वापोरिन-४च्या ज्या तुकड्याला ओळखतात, तो क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या आतड्यातल्या जीवाणूच्या एका प्रथिनाशी खूप जुळतो. जीवाणूशी लढायला शिकलेल्या पेशी पाण्याच्या दारालाच शत्रू समजल्या, अशी शक्यता त्यातून पुढे येते. आणि वैर धरलेलं असलं तरी युद्ध लगेच पेटतंच असं नाही. जपानमधल्या एका रुग्णाच्या जुन्या, जपून ठेवलेल्या रक्तात हा प्रतिपिंड आजार सुरू होण्याच्या दहा वर्षांहून अधिक आधी सापडला.

जपून ठेवलेलं रक्त या क्षेत्रात फार मोलाचं आहे. काहीच कारण न सापडलेल्या मज्जारज्जू-सुजेच्या रुग्णांच्या नमुन्यांतूनच मॉगचे अनेक रुग्ण पुढे ओळखले गेले. मेयो क्लिनिकमध्ये एकदा अशा २२६ जणांचे कागद पुन्हा उघडून पाहिले, ज्यांच्यावर 'कारण अज्ञात' असं लिहिलं होतं. त्यांतल्या सुमारे ७० टक्के जणांना दुसरं नेमकं निदान निघालं: कुणाचा एमएस होता, कुणाचा अ‍ॅक्वापोरिनचा आजार, कुणाच्या मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटला होता. ज्यांच्या चिठ्ठीवर अजून 'कारण अज्ञात' आहे, त्यांच्यासाठी थंड पेट्यांमध्ये ठेवलेल्या सिरमच्या बाटल्या आजही तपासल्या जाताहेत.